साळवे पाळकांची सकाळ

मदन महल, जबलपूर
रविवार, दुपार

प्रिय प्रणोतीताई,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही दोघं बरे आहोत. विनताचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण शाळेत जाते. मला फॅक्टरीत आता सकाळची पाळी नाही, त्यामुळे जरा बरं. मोठी बातमी म्हणजे आईच्या कबरीवर दगड बसला. भेडाघाटचा पांढरा घेतला, तुला काळा आवडत नाही म्हणून. कारागीर हिंदीच्या सवयीनं ‘अनुसूया’ कोरायला निघाला होता, त्याला वेळेवर थांबवला. आता ‘अनसूया’ नीट आलंय.

फोनवर मी साळवे पाळकांचं नाव काढलं की तुला कुकरची शिट्टी ऐकू येते, म्हणून लिहितोय. पत्र वाचायला घेतलंस की तू मध्येच सोडणार नाहीस. रागात असलीस तरी पूर्ण वाचून मग बाजूला ठेवशील.

आई गेली त्या सकाळी तू इथे नव्हतीस, त्यामुळे आधी तेवढं सांगतो. हॉस्पिटलात पहाटेपासून आईला श्वास जड जात होता. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. आईनं दोनदा म्हटलं, “पाळकांना बोलाव.” मी फोन लावत राहिलो, लागेना. साळवे पहाटे उठून प्रार्थनेला बसतात आणि तेवढा वेळ फोन बंद ठेवतात, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. त्यांच्या पत्नी, प्रतिमावहिनी, तेव्हा माहेरी नागपूरला होत्या. आईला सोडून मला जाता येईना. शेवटी विनतानं तिचा हात धरून स्तोत्र म्हटलं, आठवलं तेवढं मराठीत, बाकीचं हिंदीत. त्यातच आई गेली. साळवे धावत आले तेव्हा नर्स चादर ओढत होती. मी म्हटलं, “अब काहे के लिए आए हैं आप?” ते भिंतीशी उभे राहिले.

मातीच्या दिवशी तू त्यांना सगळ्यांसमोर विचारलंस, कुठे होतात. ते म्हणाले, प्रार्थनेत होतो. तू म्हणालीस, “मग देवानं तिथे सांगितलं नाही का तुम्हाला?” आणि ते म्हणाले, “नाही सांगितलं, ताई.” तुला ते उत्तर उद्धट वाटलं. मलाही वाटलं. तू पुण्याला गेलीस ती पुन्हा कुठल्याही चर्चची पायरी चढली नाहीस, हे मला माहीत आहे.

त्यानंतर इथे काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. चर्चची कमिटी बसली. मी कमिटीत आहेच, आणि भय्यासाहेब तर तुला माहीत आहेत, रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर राहिलेले, त्यांच्यापुढे कुणी आवाज काढत नाही. ते म्हणाले, डॉक्टर फोन बंद ठेवत नाही, लाइनमन ठेवत नाही, मग पाळकानं काहून ठेवावा? साळवे म्हणाले, “मोहनभाऊंच्या आईजवळ मी नव्हतो, त्याला मीच जबाबदार आहे. घरी कुणी नसताना निरोप कसा पोचेल, याची सोय मी करायला हवी होती.” त्यांनी तिथल्या तिथे सोय सांगितली. फोन वहिनींकडे राहील, वहिनी गावाला गेल्या तर शेजारच्या बेबीमावशींकडे, आणि कुणी बोलावलं की त्या दार वाजवतील. दार वाजलं की ते प्रार्थना अर्धी टाकून उठतील. पण सकाळचं बसणं मात्र सोडणार नाही. भय्यासाहेबांनी विचारलं, म्हणजे तुमचा हट्ट कायमच? ते म्हणाले, “त्याच्याशिवाय मी तुमच्या काही कामाचा नाही, भय्यासाहेब. मी स्वतःला ओळखतो.” कुणालाच ते पटलं नाही. वर्षाच्या सभेत त्यांच्या बदलीची मागणी ठेवायची ठरलं, आणि ती मांडायचं काम माझ्याकडे आलं. माझीच आई गेली होती, म्हणून माझ्या तोंडून ते शोभेल असं सगळ्यांना वाटलं. मला पण वाटलं.

मी एका पहाटे चर्चमध्ये गेलो. खरं सांगायचं तर ते झोपलेले सापडतील, असं वाटत होतं. बाजूचं दार उघडं होतं. वेदीच्या खाली सतरंजी टाकून बसले होते, अंगावर शाल, पुढे उघडं पवित्र शास्त्र. मी मागच्या बाकावर, अंधारात बसलो. ताई, बघण्यासारखं काहीच नव्हतं. रविवारी उपदेशाला जो आवाज लावतात तो नाही, रडणं नाही, हात वर करणं नाही. वाचायचे, गप्प बसायचे, खोकायचे, पुन्हा वाचायचे. मध्ये त्यांना डुलकीसुद्धा लागली. मी उठणार इतक्यात ते बोलायला लागले, आपण घरात बोलतो तसं. “प्रभू, भय्यासाहेबांबद्दल माझ्या मनात राग आहे. काल रात्री मी त्यांना मनातल्या मनात बोललो, आणि छान बोललो. मला ते आवडलं. हे काढून टाक. आज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसायचंय.” नंतर पुन्हा तेच, वेगळ्या शब्दांत. मग पुन्हा. फळ्यावरचा डाग पुसत राहावं तसं. उजाडेपर्यंत एवढंच चाललं. मी हळूच बाहेर पडलो.

संध्याकाळी कमिटी होती. भय्यासाहेब त्या दिवशी फारच बोलले. साळवेंच्या शिक्षणावर गेले, त्यांच्या वडिलांवर गेले, जे नगरकडे एका बोर्डिंगमध्ये स्वयंपाकी होते. सगळे खाली बघत होते. साळवेंनी ऐकून घेतलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, “तुमच्या कमरेचं दुखणं कसं आहे? इतका वेळ या खुर्चीवर बसून राहिलात, त्रास होत असेल.” उशी आणून दिली. बाकीच्यांना वाटलं, माणूस स्वभावानंच थंड आहे, किंवा घाबरट आहे. तो थंड नाही, हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. ती उशी कुठून आली, हे मी सकाळी पाहिलं होतं.

पण ताई, मऊ बोलणारी माणसं पुष्कळ असतात. माझं मन पुढच्या गोष्टीनं फिरलं.

भय्यासाहेबांचा मुलगा तनय कुंडमहून गाडी घेऊन येत होता, प्यालेला. रस्त्यात एका सायकलवाल्या मजुराला उडवलं. माणूस वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. त्या संध्याकाळी मी साळवेंबरोबर होतो म्हणून मला सगळं माहीत आहे. ते आधी ठाण्यात गेले, तनयजवळ बसले. तो लहान मुलासारखा रडत होता. तिथून ते त्या मजुराला बघायला दवाखान्यात गेले, आणि दुसऱ्या दिवशी कुंडमला त्याच्या घरी, बायको-पोरांना भेटायला. भय्यासाहेबांना हे कळलं तेव्हा ते स्वतः पाळकांच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. म्हणाले, तुमचं ते लोक ऐकतात. त्या माणसाला एवढंच म्हणायला सांगा की गाडी आमचा ड्रायव्हर चालवत होता. इलाजाचं सगळं मी बघतो. आणि मग थोडं थांबून, “सभेचं पण मी बघतो. तुमची बदली होणार नाही.”

मी तिथेच वेताच्या मोढ्यावर बसलो होतो. साळवेंना तीन मुलं, वहिनींची नोकरी इथली. त्यांना होकार द्यायला फार कारणं होती. ते म्हणाले, “भय्यासाहेब, तनयसोबत मी प्रत्येक तारखेला कोर्टात उभा राहीन. त्याच्यासाठी रोज प्रार्थना करीन, करूनच राहिलो आहे. पण त्या माणसाला खोटं बोल म्हणून मी सांगणार नाही. आणि तुम्हीही तुमच्या ड्रायव्हरला सांगू नका. त्यालाही घर आहे.” आवाज चढला नाही. भय्यासाहेब चपला घालताना म्हणाले, “सोच लीजिए.” साळवे म्हणाले, “विचार सकाळीच झालाय.”

तनयनं शेवटी स्वतःच गुन्हा कबूल केला. साळवे प्रत्येक तारखेला गेले.

मग सभा झाली. बदलीची मागणी मांडायला मला उभं केलं. मी उभा राहिलो आणि म्हटलं, माझी आई गेली तेव्हा पाळक तिच्याजवळ नव्हते. ते दुःख मला आहे आणि राहील. पण मी ही मागणी मांडणार नाही. हा माणूस सकाळी कुठे असतो ते मी पाहिलं आहे, आणि त्याची सकाळ काढून घेतली तर आपल्याकडे फक्त एक पगारी भाषण करणारा उरेल. एवढंच बोललो, तेही अडखळत. भय्यासाहेबांनी दुसऱ्याकडून मागणी मांडून घेतली. हात वर झाले, मोजले, आणि मागणी थोडक्या मतांनी पडली. भय्यासाहेब त्यानंतर आपल्या मंडळीत येत नाहीत, कमानिया गेटपलीकडे दुसरीकडे जातात. तनय मात्र येतो, एकटाच. मागे बसतो आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जातो. भय्यासाहेबांचं जाणं साळवेंना लागलंय. मी एकदा म्हटलं, गेले ते बरंच झालं, शांतता झाली. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

आई एकटी गेली नाही, ताई, विनता होती. पण तिनं मागितलं ते तिला मिळालं नाही, आणि साळवेंनी त्यावर कधी पांघरूण घातलं नाही. “नाही सांगितलं, ताई,” हे उत्तर मला आता उद्धट वाटत नाही. तिथे दुसरा कुणी असता तर त्यानं देवाच्या नावानं काहीतरी गोड बनवून सांगितलं असतं.

आता हे सगळं आजच काहून लिहून राहिलो, ते सांगतो. तुझ्या चिन्मयीनं मला फोन केला. तुझ्या गाठीचा रिपोर्ट, पुढच्या आठवड्यातलं ऑपरेशन, सगळं सांगितलं. लेकीला रागावू नकोस, तिला एकटीला ते झेपत नव्हतं. तू मला का सांगितलं नाहीस तेही मला कळतं. मी पाळकांना घेऊन येईन अशी तुला भीती होती. मी त्यांना आणत नाही. मी एकटा येतोय, बुधवारी पोचेन. गेले काही महिने मीसुद्धा सकाळी बसतो. मला नीट जमत नाही, अर्धा वेळ फॅक्टरीचे विचार येतात, आणि मोठ्यानं प्रार्थना तर मी आयुष्यात कुणासमोर केलेली नाही. पण तुला आत नेण्याआधी तुझ्याजवळ बसून करीन म्हणतो. तुला नको असेल तर सांग, नुसता बसेन.

तुझाच,
मोहन