डिस्क मलकापूरले नेली

धम्माताई,

तुझा फोन लागून नाही राह्यला, म्हणून लिहून ठेवलं. घरचा कॉम्प्युटर उघडा दिसन, भेऊ नको. त्यातली डिस्क काढून मी मलकापूरले चाललो.

विहाराच्या अभ्यासिकेतल्या जुन्या मशीनींसाठी तू लिनक्सची जी फाईल बनवली, कोणती पॅकेजं टाकायची, मशीन उठवणारं इनिट कोणतं, इन्स्टॉल होताना विचारते ती सगळी उत्तरं आधीच भरलेली, तिच्यात मी तुले न विचारता हात घातला. मशीन लवकर उठावी म्हणून तुझं जुनं सिसव्ही-इनिट काढून त्याच्या जागी हलकं रनिट टाकलं. ती फाईल घातलेला पेनड्राईव्ह आपल्याच कॉम्प्युटरले तसाच राह्यला आन् मी आंघोळीले गेलो. तेवढ्यात लाईट जाऊन आली. लाईट आली की मशीन आपोआप चालू व्हावी, हे मीच करून ठेवलं होतं, आईले बटन सापडत नाही म्हणून. येऊन पाह्यतो तं मशीन पेनड्राईव्हवरूनच उठली आन् पॅकेजं बसून राह्यली होती. डिस्क पुसू का, हेही त्या फाईलनं कोणाले विचारलं नाही.

रनिट चांगलं बसलं. मशीन झटकन उठते. आत बाबांच्या आवाजातलं एकही गाणं नाही, आन् दुसरीकडं कुठं ठेवलेली नव्हती.

स्टेशनाजवळ एक जण पुसलेलं काढून देतो म्हणतात. निघालं तं फोन करीन. नाही केला तं तू करू नको.

संध्याकाळी आई बाबांचं गाणं लाव म्हणन. लाईट नाही म्हणून सांग. मेन स्विच मी पाडूनच चाललो. पंखाही बंद राहीन, तिले वारा घालत बस.

संघर्ष