पहिली बारी

२ मार्च
यात्रा कमिटीने बैलगाडा शर्यतीची वेबसाइट नव्याने करायचं काम मला दिलं. एकमताने. विरोधात फक्त सुनीलभाऊजी होते, आणि दिराचा विरोध कोणी धरत नाही. मीटिंगमध्ये एक खुर्ची उडाली, पण ती रिकामी होती. मी उठताना माझा पाय लागला एवढंच.

जुनी वेबसाइट सुनीलभाऊजींची. पिवळ्याजर्द पाटीवर लाल अक्षरं, आणि ती अक्षरं लुकलुकतात. चार चौकोन: गाडामालक, गाव, फोन, बैलांची नावं. भरलं की खाली येतं, ‘तुमची बारी क्रमांक ८७’. म्हणजे शर्यतीच्या चढावर, घाटात, तुमचे बैल सत्त्याऐंशीव्या नंबराला पळणार. झालं. ना नमस्कार, ना चमत्कार. गुरांच्या दवाखान्याचा बोर्ड बघतोय असं वाटतं.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स ‘उत्तम’ शेऱ्याने पूर्ण केलेला आहे आणि स्वभावाने अत्यंत शांत आहे. हे काम माझ्याच हातून व्हायचं होतं.

संकल्प: यात्रेपर्यंत आवाज चढवायचा नाही.

५ मार्च
सुनीलभाऊजी चहाला आले. म्हणाले, वहिनी, रंग कायबी द्या, पण बारीचा नंबर बरोबर यायला पायजे. सकाळच्या गारव्यात माती घट्ट असते, पहिल्या गाड्यांचे सेकंद चांगले पडतात. उन्हं चढली की माती भुसभुशीत आणि बैल दमलेला. नंबरावरून इथं डोकी फुटतात, राव.

मी म्हणाले, आधी माणसाच्या डोळ्यांना सुख पाहिजे, बाकी आपोआप येतं. ते म्हणाले, आपोआप येतं ते गवत.

कीबोर्ड मी फेकला नाही. हातातून सुटला. त्यांच्या कानाला जरासं खरचटलं, ‘ळ’ची कळ सापडत नाही.

९ मार्च
सुचलं! फॉर्म काढून टाकायचा. त्याऐवजी पडदाभर गाडीचं चाक. सागवानी, पितळी पट्ट्यांचं. बोट लावलं की गरगर फिरेल, भंडारा उधळेल, ‘भिर्रर्र’ अशी आरोळी येईल, आणि चाक थांबेल तिथे तुमच्या बारीचा आकडा. मग सोनेरी महिरपीचं मानपत्र.

एकच अडचण. दोन आकडी संख्या चाकावर जाडजूड दिसतात. ८७ तर अगदी पोट सुटल्यासारखा. पण १! सडपातळ, कळसासारखा. सध्या नमुना म्हणून चाक कायम १ वर थांबेल असं केलं आहे. खरे नंबर मागाहून जोडायचे.

संकल्प: उद्या नंबर जोडणे.

१४ मार्च
नंबर जोडले नाहीत. भंडाऱ्याचा पिवळा जमत नव्हता. लिंबाचा येतो, नाहीतर काविळीचा.

फोन नंबरचा चौकोनही काढला. महिरपीखाली तो दात पडल्यासारखा दिसत होता. आता फक्त नाव विचारते. नाव सुंदर असतं.

तात्यांना, म्हणजे माझे सासरे सोमाजी यांना, दाखवायला गेले. ते गोठ्यात वजीरला खरारा करत होते. म्हणाले, कामात हाय. वजीर सासूबाई गेल्या त्या महिन्यात जन्मला. तात्यांनी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला. आता म्हातारा झालाय, यंदाची त्याची शेवटची शर्यत. तात्या सारखं एवढंच म्हणतात, गारव्यात बारी लागली तर पळंल, उन्हात त्याला घालणार न्हाई मी.

माझ्याशी मात्र लग्नाला वीस वर्षं झाली तरी ‘कामात हाय’ याच्या पुढे बोलणं गेलेलं नाही. त्यांचा फोन बटणांचा. असे लोक डिझाइनला अपवाद समजावेत.

२१ मार्च
प्रिंटरला लाथ मारली. महिरप हिरवट छापत होता. अंगठा सुजलाय. प्रिंटर आता अजिबातच छापत नाही, म्हणजे प्रश्न सुटला.

हे शिफ्टवरून आले, म्हणाले, शांत हो. मी शांतच होते. ताट मी जमिनीवर ठेवलं, आपटलं नाही. आमटी उडते ती तिच्या गुणाने.

संकल्प: उद्या नंबर जोडणे. नक्की.

३० मार्च, पाडवा
वेबसाइट सुरू झाली! अध्यक्ष गेणूभाऊंनी मारुतीच्या देवळासमोर नारळ फोडला. तो दगडावर फुटेना, तेव्हा मी घेऊन एका फटक्यात फोडला. खोबरं पहिल्या रांगेपर्यंत गेलं. टाळ्या.

नंबर जोडायचे राहिले. पण पहिल्या दिवशी कोण येतंय?

३१ मार्च
एकशे चाळीस गाडे आले. सगळ्यांना १.

सकाळी दरदरून घाम फुटला. मग नीट विचार केला. गेल्या वर्षी नंबर लागल्या दिवशी तक्रारी, शिव्या, एकाने कमिटीच्या गाडीच्या काचा फोडलेल्या. यंदा एकही तक्रार नाही! आळे गावच्या एका पावण्याने तर घरी पेढे पाठवले. आणि कोणी कोणाला सांगतही नाहीये. पहिली बारी लागली हे बोललं तर बैलाला नजर लागते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. माणूस सुंदर गोष्टीपुढे आपोआप समाधानी होतो. हे सुनीलभाऊजींना कधीच कळणार नाही.

तरीही उद्या सगळ्यांना खरे नंबर कळवून टाकेन. गोड भाषेत.

२ एप्रिल
आज कळवणारच होते. पण सकाळी तात्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले. वीस वर्षांत ते त्या उंबऱ्यापाशी उभे राहिले नव्हते. डोळ्यांत पाणी. हातात माझं मानपत्र, सुनीलभाऊजींनी आपल्या दुकानातून छापून आणलेलं. म्हणाले, पोरी, वजीरला पयली बारी लागली. तुझ्या सासूनंच लावली आसंल, पण हात तुझा लागला. आणि माझ्या कपाळाला भंडारा लावला.

पोरी म्हणाले. मला.

पोळी करपली, धूर झाला. मी डोळे पुसले ते धुरामुळे. चाकाने काय जादू केली बघा! गोठ्यातल्या माणसालाही सौंदर्य कळतं.

निर्णय: बाकी सगळ्यांचे नंबर बदलायचे. तात्यांचा १ तसाच ठेवायचा. यात अन्याय काही नाही, कोणाला तरी १ लागणारच असतो.

६ एप्रिल
बाकीच्यांना कळवायचं कसं? फोन नंबर घेतलेलेच नाहीत. फक्त नावं. सुंदर नावं. ‘भिका आणि मंडळी’. ‘बयाबाईचा नातू’. एकाने नुसतंच ‘वाघ’ लिहिलंय.

जुने फोन नंबर सुनीलभाऊजींकडे आहेत. मी त्यांच्या दुकानात गेले. अत्यंत नम्रपणे मागितले. ते म्हणाले, कशाला पायजेत? मी म्हणाले, शुभेच्छा पाठवायच्यात. ते हसले. म्हणाले, आधी कीबोर्डाबद्दल माफी मागा, वहिनी, कानात अजून ‘ळ’ वाजतोय.

मी माफी मागायलाच तोंड उघडलं होतं. त्यांच्या काउंटरवरचा स्टेपलर मध्येच हातात आला. दुकानाची काच तशीही तडकलेली होती, आता पूर्ण गेली. नंबर मिळाले नाहीत.

११ एप्रिल
उद्या यात्रा. दोनशेच्या वर गाडे. सगळे १.

मी निश्चिंत आहे. एक तर सगळे येणार नाहीत. आले तर मानपत्र घरी विसरतील. आणले तर एकमेकांना समजून घेतील, शेवटी शेतकरी माणसं. आणि वेळ पडलीच तर मी आहे. वातावरण शांत करण्यात माझा हातखंडा आहे.

तात्यांनी संध्याकाळीच वजीरच्या शिंगांना लाल हिंगूळ लावला. म्हणाले, लवकर निघतो, कुणी पुढं घुसाय नको. त्यांच्या ओठांवर गुणगुण होती. मी त्यांना गाताना कधी ऐकलं नव्हतं.

संकल्प: काहीही झालं तरी हात उचलायचा नाही.

१२ एप्रिल, दुपारी
डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा घोडेगावच्या दवाखान्यातून बांधून आणलाय.

घडलं ते असं. उजाडताना घाटाखाली ट्रॅक्टर आणि टेम्पोंची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. प्रत्येकाच्या हातात मानपत्र. काहींनी काचेच्या फ्रेममध्ये बसवलेलं, एकाने बैलाच्या झुलीवर शिवून घेतलेलं. पहिला गाडा जुंपायला घेतला आणि आरोळी उठली, आरं, पयला आमचा! मग दुसरी. मग दोनशे. एकाची टोपी गेली, दुसऱ्याची बाही. फ्रेमच्या काचा फुटायला लागल्या. एवढ्यात कोणीतरी मला ओळखलं. ‘हीच ती चाकवाली!’ मी हात हलवला.

गेणूभाऊंनी माईकवरून सगळ्यांना थांबवलं. म्हातारी माणसं मध्ये पडली. ठरलं की पूर्वीसारख्या टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या. लोक धुसफुसत का होईना बसले. इथवर ठीक होतं. पण मग गेणूभाऊ माईकवरून म्हणाले, मंडळी, नव्या वेबसाइटचं खूळ संपलं, फुडच्या साली सुनीलची पिवळी पाटीच बरी. आणि लोक हसले.

मी शांतपणे स्टेजवर गेले. दोन शब्द बोलायचे होते, डोळ्यांच्या सुखाबद्दल. माईक घेता-देताना थोडी ओढाताण झाली. माईक गेणूभाऊंच्या कपाळाला लागला. दोनदा. आवाज सगळ्या घाटात घुमला, धप्, धप्. त्यांच्या पुतण्यांनी गैरसमज करून घेतला. आमचे हे मला सोडवायला आले, त्यांचा ज्याला धक्का लागला तो आळ्याचा, पेढेवाला. मग बांबू निघाले. मांडवाचे खांब निघाले. खांबाला बांधलेले बैल सुटले. दोन बैल स्टेजवरून आरपार गेले, एकाच्या शिंगांत माझा फोटो असलेला फ्लेक्स अडकला होता, तो थेट पेठच्या रस्त्याला लागला. जिलबीच्या पाकाची कढई उलटली, आणि गरम पाकात चपला घालून माणसं एकमेकांच्या नरड्याला लागली. मी कोणाच्या तरी दंडाला चावले. तो सुनीलभाऊजींचा निघाला. ते मला वाचवत होते म्हणे.

पोलीस आले. परवानगी रद्द. एकही गाडा पळाला नाही.

तात्या कुठे दिसले नाहीत. गेणूभाऊंना सात टाके. माणसं हिंसक असतात. मूळ दोष तोच.

१५ एप्रिल
जुनी वेबसाइट परत आली. पिवळीजर्द. लाल अक्षरांत एकच ओळ लुकलुकते: ‘शर्यत रद्द. चौकशीसाठी: मोहिनीवहिनी’, आणि खाली माझा फोन नंबर. एवढा ठळक की गावातली म्हातारी माणसंही चष्म्याशिवाय वाचतात. पान क्षणात उघडतं. सकाळपासून फोन वाजतोय. शिव्या आता पाठ झाल्या आहेत, पुढची कोणती येणार ते कळतं.

संध्याकाळी गोठ्यात गेले. तात्या वजीरच्या शिंगांवरचा हिंगूळ रॉकेलच्या बोळ्याने पुसत होते. मी म्हणाले, तात्या, नंबर सगळ्यांनाच एक होता, तुमचाही तसाच. ते म्हणाले, ठावं हाय. घाटात कळलंच की. मी म्हणाले, मग तुम्ही भांडला कसे नाहीत? ते म्हणाले, भांडायचं कशाला? मी आदल्या सांजंलाच जाऊन जुंपायच्या जागी उभा व्हतो. चिठ्ठ्यांचं ठरलं तवा सगळे म्हणाले, म्हातारा बैल हाय, गावचा मान हाय, पयली बारी सोमाजीची, मागनं चिठ्ठ्या. वजीर जुंपला व्हता. कान टवकारले व्हते त्यानं. झेंडा वर गेल्ता, पोरी. नुसता खाली पडायचा व्हता.

मग तुझा माईक वाजला, म्हणाले.

रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मला काहीतरी फेकता आलं असतं.

मला काहीतरी चांगलं ऐकायचं होतं. म्हणून विचारलं, तात्या, नंबर लागला त्या दिवशी तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चाक तरी आवडलं होतं ना?

त्यांनी बोळा खाली ठेवला. खिशातला बटणांचा फोन चाचपला, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, सुनीलनं नंबर वाचून दाखवला, तवा आलं पाणी.

मग म्हणाले, कसलं चाक?