टिटवीची आखाजी

पुरुषोत्तमनगर
रविवार, २४ मे २०२६, अधिक जेठ

चि. यामिनी,

आजीमायचा आशीर्वाद घे. इकडे सगळे खाऊनपिऊन आहेत. ऊन असं की गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात चहापत्ती टाकली तर चहा होईल. तुझा नवनीतमामा कामात असतो. रंजितामामीची तब्येत बरी आणि तोंड त्याहून बरं. फोन तिच्याच हातात राहतो, मोठा आवाज करून मला देते, म्हणून पत्र लिहिते. अक्षर चौथी नापासचं आहे, सांभाळून वाच. खालची जसोदाबाई टपालाच्या पेटीत टाकणार आहे.

तुझं भाषण बघितलं. जसोदाबाईच पळत वर आली, म्हणे, "धनुमाय, तुन्ही नात टीव्हीवर दिखी ऱ्हायनी." चांगली बोललीस. ओढणी तेवढी सारखी ओढत होतीस, ती सवय सोड.

तू सांगितलंस की तापीकाठी, प्रकाशा गावातल्या आपल्या शेताशेजारच्या खडीवर टिटवीची अंडी पहिल्यांदा कधी दिसली, हे माझी आजी बारा वर्षं मला कळवते. मग ती लाल रेघ दाखवलीस. नऊ वर्षं सरळ चाललेली, नंतर घसरगुंडी. टिटवी तीन वर्षांत एकवीस दिवस आधी अंडी घालायला लागली, हवा बदलली, असं म्हणालीस. टाळ्या पडल्या. रंजिताही कौतुकाने माझ्याकडे बघत होती. मी पाणी मागितलं.

माझा खुबा मोडला ते तुला माहीत आहे. दोन हजार तेवीसची दिवाळी झाल्यावर बांधावर पडले आणि नवनीतने मला इथं वरच्या मजल्यावर आणलं. मी तुला सांगत आले की नवनीत मला शेतात नेतो. तोही सांगतो, "येता रविवारले लई जासू, माय." पोरगा वाईट नाही. रविवार आला की झोपतो. जिना एकोणीस पायऱ्यांचा आहे. इथं आल्यापासून मी तो एकदाच उतरले, डोळ्याच्या डॉक्टरकडे जायला, तेही खुर्चीत बसवून उतरवली. बाकी दिवस ही खिडकी आणि समोरच्या घराची टाकी.

इथं आल्यावर पहिल्या वर्षी तुझा फोन आला, "आजीमाय, अंडी दिसली का?" वर्षात तो एकच फोन तू स्वतःहून करतेस. नाही म्हणाले असते तर तू नवनीतला फाडून खाल्लं असतंस, आणि मला राहायचं त्याच्याच घरात आहे. म्हणून बोलून गेले, दिसली, आखाजीच्या दिवशी, चार. पुढच्या वर्षी तेच सांगितलं. यंदाही तेच.

आता तूच पंचांग काढ आणि अक्षय्य तृतीया बघ. दोन हजार चोवीसला आखाजी दहा मेला होती. पंचवीसला तीस एप्रिलला. यंदा एकोणीस एप्रिलला. तू माझी आखाजी इंग्रजी तारखेत बसवलीस आणि तुझी रेघ उतरली. टिटवीला काय ठाऊक आखाजी कधी ते? पहिली नऊ वर्षं मी खडीवर जाऊन बघायचे, तेव्हा कधी आखाजीआधी सहा दिवस सांगायचे, कधी नंतर दहा. तेव्हाच तुझी रेघ सरळ होती. यंदा अधिक महिना आला, म्हणजे पुढच्या वर्षी आखाजी पुन्हा मेमध्ये. माझ्या भरवशावर राहिलीस तर तुझ्या टिटव्या एकदम वीस दिवस मागे जातील आणि तू भर सभेत तोंड उघडं टाकून बघत बसशील.

एवढंच असतं तर पत्रात एवढी शाई घातली नसती.

भाषणानंतर चार दिवसांनी करणसिंग आला, आपलं शेत बटाईने करतो तो. कैऱ्या घेऊन आला होता. रंजिता चहा टाकत होती तेवढ्यात मी हळूच विचारलं, टिटवी बसली का रे यंदा? तो म्हणाला, "कुठली टिटवी, माय? खडी तर मशीन लावून उचलून नेली. दोन वरीस झाले, तिथं खड्डा शे."

तो कैऱ्या मोजत होता. मी परत विचारलं, एक तरी? त्याने नाही म्हणून मान हलवली.

टिटवी खडीतच चार गोटे सरकवून अंडी घालते. खडी नाही तर काय नाही. म्हणजे मागच्या वर्षी आणि यंदा मी चार अंडी सांगितली तेव्हा तिथं पाखरूच नव्हतं. मी खोटं बोलले नसते तर तू तेव्हाच धावत आली असतीस आणि खड्डा बघितला असतास. तू लवकर का उशिरा ते मोजत बसलीस, आणि तिथं मोजायला काहीच उरलं नाही. हे माझ्यामुळे.

बारा जूनला तू बंगलोरला हेच भाषण करणार, असं रंजिता सांगत होती. तिथं ती रेघ दाखवू नकोस. पहिली नऊ वर्षं ठेव, ती माझ्या पायांनी चालून आणलेली आहेत. पुढची तीन खोड आणि ती कोणी खोटी सांगितली ते सांग. नाव घेऊन सांग, मला आता कुठं तोंड दाखवायला जायचं आहे?

त्याआधी इथं ये. नवनीतवर ओरडू नकोस. दोघांनी धरलं तर एकोणीस पायऱ्या उतरते मी. खड्डा मला स्वतःला बघायचा आहे. मग यंदाच्या तारखेच्या जागी जे लिहायचं ते तिथं उभी राहून सांगेन.

नऊ वर्षांची खरी,
आजीमाय धनुबाई