मेणबत्ती घासलेले कागद

वारजे, पुणे
दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा रविवार

प्रिय कुसुममावशी,

नमस्कार. शाळेचा शिक्का नसलेलं, हाताने लिहिलेलं पाकीट बघून कोण आजारी पडलं अशी शंका तुम्हाला येईल, म्हणून आधीच सांगते, माणसं सगळी ठणठणीत आहेत. आजारी पडली आहेत ती शाळेतली यंत्रं. पंचिंग मशीन, दोन्ही स्टेपलर, तिसरीच्या टेबलाला जखडलेलं हँडलचं शार्पनर आणि हस्तकलेच्या झाडून सगळ्या कात्र्या. जूनपासून एकेकाने अंथरूण धरलं आणि दिवाळीपर्यंत सगळी खोली आडवी झाली. फोनवर हे सगळं बोलणं मला जमलं नसतं. तुम्ही कमी बोलता आणि मी जास्त, त्यात महत्त्वाचं तेवढं नेमकं राहून गेलं असतं.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी तुमचा निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, सगळे बटाटेवड्यांकडे वळले आणि तुम्ही मला जिन्याखाली गाठून विचारलंत, "बाई, निवृत्तीनंतर सगळ्यांना एक वर्ष वाढवून देतात. मलाच का नाही दिलं? माझं काही चुकलं का?" मी म्हणाले, "चौकशी करून सांगते." त्याला सहा महिने होऊन गेले. परवा माझ्या वर्गातल्या मिसबाची आई भाजीबाजारात भेटली. ती सांगत होती, तुम्ही आता बसला जाताना शाळेवरचा रस्ता सोडता आणि मागच्या गल्लीने वळसा घालून जाता, कारण वाटेत जो तो विचारतो, शाळेने काढलं का हो, काही भानगड झाली का. मावशी, हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की हातातली मेथी तिथेच विसरून मी घरी आले. तर आता उत्तर देते. पण माझी खोड तुम्हाला माहीत आहे, सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय मला सांगताच येत नाही.

माझी आई मला लहानपणी चौकशी खिडकी म्हणायची. घड्याळाचा मिनिटकाटा मोठा का, पोळी फुगते ती मधोमध का, शेजारच्या काकांनी मिशी का काढली. शाळेत लागल्यावर वर्गाबरोबर साहित्याच्या कपाटाचा चार्ज माझ्याकडे आला तोही याच खोडीमुळे असावा. कपाटाचा चार्ज म्हणजे काय, तर वर्षाच्या शेवटी मोजदाद करायची, काय आणायचं ते ठरवायचं आणि मोडलं की मुख्याध्यापिका कल्याणीबाईंना सांगायचं. त्यांनी कपाटावर लावलेली पाटी अजून तशीच आहे, "यंत्र बिघडल्यास सांगावे. न सांगितल्यास यंत्र स्वतःच सांगते." दोन वर्षं मी ही पाटी वाचून हसायचे. त्या दोन वर्षांत काही बिघडलंच नव्हतं ना, हसायला काय जात होतं.

जूनमध्ये पहिलं गेलं ते पंचिंग मशीन. भोक पाडायला दाबलं की खाली बसायचं आणि वर यायचंच नाही. मग दोन्ही हातांनी ओढून काढायचं, तेव्हा कागद फाटून यायचा. पहिलीच्या प्रवेशाचे सगळे अर्ज असे कोपरे कुरतडलेले, उंदरांनी परीक्षा घेतल्यासारखे. मी त्याच्यात खोबरेल तेल घातलं. हसू नका. त्यानंतर प्रत्येक अर्जाला भोकाभोवती तेलाचा डाग पडायला लागला आणि कल्याणीबाई म्हणाल्या, "उत्कर्षाबाई, फायली लावायच्या आहेत, भजी तळायची नाहीत."

मग स्टेपलर. मोठ्या स्टेपलरमध्ये कुणीतरी छोट्याच्या पिना कोंबल्या आणि छोट्यात मोठ्याच्या, त्या आत तिरक्या होऊन बसल्या. तुमच्या वेळी पिनांचे दोन वेगळे डबे होते, एकाच्या झाकणाला लाल चिंधी बांधलेली, हे मला आता आठवतं. मी जूनमध्ये आवराआवर करताना दोन्ही डबे एकत्र ओतले होते. टापटीप म्हणून. त्यावर उपाय म्हणून मी पाच नवे स्टेपलर निवडून आणले, निळे, पिवळे, गुलाबी, दिसायला असे गोड की शिक्षकखोलीत भांडणं झाली. महिन्याभरात पाचांपैकी चारांचा जबडा वाकडा. शार्पनरमध्ये मुलांनी तेलखडू घालून बघितले, त्याचं आत लोणी झालं. आणि दिवाळीआधी आकाशकंदील करायला बसलो तर कात्र्या कागद कापेनात, नुसता चावून सोडून देत होत्या. चाळीस मुलं, चाळीस कात्र्या आणि एकाही कंदिलाची झिरमिळी सरळ नाही.

मला राग येण्याऐवजी नवल वाटायला लागलं. इतकी वर्षं हेच मशीन, याच कात्र्या, हीच दांडगी मुलं. मग सगळं याच वर्षी का? मी कल्याणीबाईंना विचारलं की पूर्वी दुरुस्तीला कुणाकडे द्यायचो. त्या विचार करून म्हणाल्या, "कुणाकडेच नाही. कधी बिघडलंच नाही." हे मला यंत्र बिघडण्यापेक्षाही विचित्र वाटलं. त्याच दिवशी कंदील कापता कापता मिसबा म्हणाली, "बाई, मावशी शनिवारी कात्रीने चॉकलेटचे चकचकीत कागद कापायच्या. आम्ही त्यांना गोळा करून द्यायचो." मी विचारलं, कशाला ग? ती म्हणाली, "कात्रीला आवडतात, असं मावशी म्हणायच्या."

सुट्टी लागल्याबरोबर मी सगळा दवाखाना दोन पिशव्यांत भरला आणि बसने स्वारगेटला गेले. तिथल्या एका गल्लीत रज्जाकभाईंचं टपरीएवढं दुकान आहे, कात्र्यांना धार लावून देतात, ऑफिसची छोटी यंत्रं दुरुस्त करतात. साठीचे असतील, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी आधी पंचिंग मशीन उलटं केलं, भोक पाडणाऱ्या चोचीवरून बोट फिरवलं, बोट हुंगलं आणि विचारलं, "खोबरेल कुणी घातलं?" मी म्हणाले, मीच. ते "हं" म्हणाले, पण तो "हं" पुरेसा होता. मग चिमट्याने आतलं काहीतरी खरवडून मला दाखवलं. पांढरट, पातळ पापुद्रा. "हे मेण आहे मॅडम. जुनं. कुणीतरी कागदाला मेणबत्ती घासून तो कागद यात पंच करत होतं, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. म्हणजे दर भोकाला चोचीला थोडं थोडं मेण लागतं आणि ती अडकत नाही, कागदाला डागही पडत नाही. हे आता कुणी करत नाही. माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं."

मी तिथल्या स्टुलावर बसले ती दोन तास उठले नाही. एकेक वस्तू काढायची आणि विचारायचं. चॉकलेटचा चंदेरी कागद किंवा बारीक पॉलिश पेपर, म्हणजे काचकागद, कापला की कात्रीची धार परत येते. शार्पनरमध्ये खडू गेला तर जुन्या टूथब्रशने झाडून मग एक कडक पेन्सिल सावकाश फिरवायची, ती उरलेला चिकटा ओढून नेते. मुलांसाठी कात्री घेताना स्क्रूची घ्यायची, ठोकून पक्की केलेल्या रिबिटाची नाही, कारण ढिली झाली तर स्क्रू आवळता येतो. स्टेपलर रंगावर घ्यायचा नसतो, आपल्याकडे कुठली पिन आहे ते बघून घ्यायचा आणि उघडून बघायचा की अडकलेली पिन काढायला आत बोट जातं का. हे ऐकताना मी रज्जाकभाईंच्या तोंडाकडे बघत होते आणि मला सारख्या तुम्ही दिसत होतात, शनिवारी मधल्या सुट्टीनंतर कपाटाला पाठ लावून बसलेल्या. आम्हाला वाटायचं, मावशी जरा टेकल्या आहेत.

शेवटी त्यांनी कात्र्या मोजून परत दिल्या आणि म्हणाले, "यातल्या बत्तीस मला फेकायच्या लायकीच्या वाटल्या असत्या. पण त्या धार गेलेल्या नाहीत, सहा महिने उपाशी आहेत. तुमच्याकडे जे माणूस हे बघत होतं, ते कुठे गेलं?" मी पिशव्या उचलल्या आणि बसस्टॉपवर येऊन उभी राहिले, दोन बस गेल्या तरी चढले नाही.

आता तो खण. मार्चमधल्या मोजदादीत मी कपाटाचा सगळ्यात खालचा खण उघडला होता. आत अर्धी मेणबत्ती, जुन्या उत्तरपत्रिकांचे कागद, त्यांच्यावर दाट, वेडीवाकडी, हजारेक भोकं. पॉलिश पेपरच्या पट्ट्या, चंदेरी कागदाचा चुरा, झिजलेला टूथब्रश, टोकं मोडलेल्या पेन्सिली. मावशी, वर्गातल्या मुलाने पेन्सिल चावली तरी मी विचारते, का रे बाबा. त्या दिवशी मला वाटलं, कळलंच. हस्तकलेचा पॉलिश पेपर कापून टाकलाय, मशीन घेऊन भोकं पाडत बसायचा खेळ चाललाय, बहुतेक नातवंडांना आणून बसवत असतील. माझ्या मनात एकही प्रश्न आला नाही, हे मला आज सगळ्यात जास्त खटकतं.

मी खण पूर्ण रिकामा केला आणि सगळं कचऱ्यात टाकलं. मोजदादीच्या कागदावर शेऱ्याचा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं, "शिपाई कुसुमबाई यांच्याकडून यंत्रांचा खेळण्यासाठी वापर व साहित्याची नासधूस." खाली माझी सही, वळणदार. तो कागद शाळेच्या समितीपुढे गेला आणि तुमचं वाढीव वर्ष त्या एका ओळीवर अडलं. तुम्ही जिन्याखाली मला विचारलंत तेव्हा मला हे माहीत होतं. चौकशी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी घाबरले म्हणून खोटं बोलले, आणि नंतर रोज थोडी थोडी घाबरत राहिले.

शुक्रवारी कल्याणीबाईंच्या घरी जाऊन मी हे सगळं सांगितलं आणि लेखी दिलं, शेरा चुकीचा होता आणि का चुकीचा होता, प्रत्येक वस्तूपुढे तिचं काम लिहून. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, "शेरा तुमचा, पण न विचारता त्यावर सही करणारी मी. माझी चूक तुमच्या कागदात बसवू नका, माझी मी वेगळी लिहीन." सोमवारी समिती बसते आहे. काय होईल ते मला सांगता येत नाही, माझ्याकडून चार्ज काढून घेतील हे बहुधा नक्की आणि ते बरोबरच आहे. तुम्हाला बोलावणं आलं तर यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर कुणालाही कारण सांगू नका, मलासुद्धा. पण रस्ता बदलू नका. त्या रस्त्यावर कुणी विचारलं तर हे पत्र दाखवा, म्हणून खाली पूर्ण नाव लिहिते आहे. मावशी, मी तो शेरा लिहीत होते तेव्हा तुम्ही त्याच खोलीत होतात, माझ्यापासून पाच पावलांवर, खिडकीच्या काचा पुसत. मी नुसतं "मावशी, हे काय हो?" म्हटलं असतं तर तुम्ही हात पुसून येऊन मला सगळं दाखवलं असतं.

तुमचीच,
उत्कर्षा श्रीधर केतकर
(तिसरीच्या वर्गशिक्षिका)