अण्णाला रेस ऐकायची होती

३ जाने.
पेपरात कोपऱ्यात बातमी. रविवारी निपाणीबाहेरच्या माळावर मोटारींची रेस, मातीचा ट्रॅक. लगेच निपाणीला अण्णाला फोन लावला. थोरला भाऊ, पण रेसच्या बाबतीत माझा गुरू. फोन भाच्यानं उचलला.
"आत्या, त्यास्नी दिसत न्हाय आता. काय बघणार तिथं?"
"बघंना का. ऐकंल."
ठेवून दिला फोन.

४ जाने.
दिवसभर चिडचिड. मागावर लक्ष नाही, दोनदा धागा तुटला.
दहावीत होते तेव्हा अण्णानं मला कोल्हापूरला मोटारसायकलींच्या रेसला नेलतं. आईला सांगितलं, देवीला जातोय. अख्ख्या माळावर बाईमाणूस मी एकटी. वळणाआडनं गाडी दिसायच्या आधी हा नुसत्या आवाजावरून सांगायचा, "लाल येतीया. गिअर उशिरा टाकला, भायेर जातीया बघ." आणि जायचीच.
एकदा रस्त्यावरच्या रेससाठी घाटात चार तास उभे होतो. गाड्या मिनिटभरात गेल्या. बोलायला मात्र वर्षभर पुरल्या.
काचबिंदूनं दोन वर्षांत त्याचे डोळे नेले. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाय नाही. आणि घरच्यांना तेच बरं वाटतंय.

६ जाने.
अण्णाचा स्वतःचा फोन. हळू आवाजात.
"रविवारी ये. पोराला न्हाय सांगायचं."
पासष्टीत भावाला पळवून न्यायचं. बघू.

८ जाने., रवि.
भाचा लग्नाला गेलेला, त्यामुळे निघालो. रिक्षानं माळावर.
नऊची रेस. परवानगीचा कागद आला नाही म्हणून साडेबारा. ऊन, धूळ, सावली नाही. त्याचं काही नाही. पण भोंगा. गाड्या सुटल्या तरी गाणी चालूच, वर निवेदकाची बडबड. अण्णा मान वाकडी करून ऐकतोय, काही कळेना.
मांडवात जाऊन म्हटलं, "भोंगा जरा बंद करा. माझ्या भावाला गाड्या ऐकायच्यात."
निवेदक हसला. "आज्जी, गाड्या बघायच्या असत्यात."
त्याला दिसत नाही, हे ओठांवर आलं होतं. बोलले नाही. का नाही बोलले? आत्ताही स्वतःचाच राग येतोय.
परत आले तर अण्णा म्हणतो, "पांढरी पुढं हाय न्हवं?" निळी होती.
मी म्हटलं, "व्हय, पांढरी."
"सुमे, खोटं बोलू नगंस. तुझा आवाज अजून वळखतोय मी."
फायनल राहिली होती. "चल घरी," म्हणाला.

९ जाने.
फोन केला. घेतला नाही.

१० जाने.
नाही घेतला. न्यायलाच नको होतं. की न्यायलाच हवं होतं, आणि भांडायला हवं होतं त्या माणसाशी…

१३ जाने.
भाच्याचा फोन, तापलेला.
"आत्या, काय करून ठेवलंसा? तीन दिवस झालं, सकाळी काठी घेऊन एकटं भायेर पडत्यात. हायवेच्या कडंला चहाच्या गाड्यावर बसत्यात. जाईल ती गाडी कुठली ते सांगत्यात, चहावाल्याला इचारत्यात, बरोबर का चूक."
"बरोबर येतंय का?"
"ते कशाला पायजे तुम्हांस्नी? एखादा ट्रक अंगावर यायचा. या आन् समजवा त्यास्नी."
येते म्हटलं. उद्या सकाळची बस. काय समजवायचं, ते ठरत नाही.