रांजणाखालच्या गाई

५ फेब्रुवारी १९७३
आजही तेच. अंड्याला कवच नाही, नुसती साल. हातात घेतलं की दबतं. अंडी सोसायटीचे सेक्रेटरी सुंदरराव दिंद्रुडहून आले. आमच्या हिची, मनकर्णाची टोपली बाजूला सारली. "वहिनी, दोन आठवडे देतो. पुन्हा अशीच निघाली तर तुमची अंडी बंद. मग खडी फोडायला चला." दुष्काळी कामावरची खडी! हिचे गुडघे धड असते तर गोष्ट वेगळी.
ती एवढंच म्हणाली, "कावून असं झालं असंल वो?"

६ फेब्रुवारी
माझी शाळा चौथीपर्यंत. पण नीट बघायला सर्टिफिकेट लागत नाही. कवचाला चुना लागतो. आमच्या कोंबड्या तळ्याकाठच्या गोगलगायी टिपायच्या, चुना तिथून यायचा. आता गाव वाढलं, घरं तळ्याला भिडली, गाळ विटांना गेला, झाडी सरपणाला. वर हा दुष्काळ. गोगलगायी कधी संपल्या, कुणाला पत्ता नाही. गोगलगाय गेली म्हणून कोण सुतक धरतं?
मनकर्णाला म्हटलं, घरातल्या जुन्या अंड्यांची टरफलं कुटून घालू का? "खुळं का काय! चव लागली की सोताचीच अंडी फोडून खातील."
बरोबर आहे. हे मला सुचायला हवं होतं.

७ फेब्रुवारी
तळ्याचा बांध उकरला. बाभळीच्या मुळाशी रिकामे शंख, टोपलंभर. सायकलवाला अजीज थांबला. "शहादेवभाऊ, गोगलगाईची शिकार? दमानं, पळून जाईल बे!"
त्यातले थोडे शंख भाजले, उखळात बारीक कुटले, कण्यांत कालवले. कोंबड्या तुटून पडल्या.

१२ फेब्रुवारी
शंखांच्या टोपलीच्या तळाशी दोन गोगलगायी निघाल्या — तोंडाला पांढरा पापुद्रा. रिकाम्या नव्हेत. आतून दार लावून दुष्काळ सरायची वाट बघत बसलेल्या. उखळापर्यंत नेल्या. हात चालेना.
मनकर्णानं चुलीपासून विचारलं, "अजून हायत का शंख?"
"संपले."
दोघींना रांजणाखाली ठेवलं. तिथं ओल असते.

१४ फेब्रुवारी
एकीनं दार उघडलं. शिंगं बाहेर.

१८ फेब्रुवारी
टणक अंडं! टिचकी मारली तर टक्क वाजलं. पहिलं मनकर्णानं मलाच उकडून दिलं. नको म्हटलं तर म्हणाली, "गप खावा."

१९ फेब्रुवारी
सुंदररावांनी टोपली अख्खी घेतली. "काय खाऊ घातलं वहिनी?" मनकर्णा माझ्याकडं बघून म्हणाली, "यांचं डोकं." सगळे हसले. मीही.

२० फेब्रुवारी
रांजणाखाली हात घातला. गोगलगायींपुढं फुटक्या बशीत पांढरा चुरा. उकडलेल्या अंड्याचं टरफल, मैद्यासारखं कुटलेलं. मी ठेवलेलं नाही.
मागं वळलो तर ती उभी. "बघता काय? गाय पाळली तर आंबोण नको का घालायला?"