ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर गेल्याबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
‘सावली’ महिला तक्रार पोर्टल,
लोणावळा कक्ष.

विषय : अर्जदाराचे समाधान झाल्याची खोटी नोंद रद्द करून हाताने लिहिलेली तक्रार दाखल करून घेण्याबाबत.
संदर्भ : आपली समाधान नोंद क्र. ३१८, दि. १३ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

अर्जदार अनिता हौशीराम कडलक, राहणार नवलाख उंबरे, ही कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगला जाते. शाळा सातवीपर्यंत. पुढचं लिहिणं ती खोक्यांवरचा मजकूर वाचून शिकली. भाषेत चूक असेल तर सांभाळून घ्यावे. मजकुरात चूक नाही.

१) अर्जदाराचा नवरा हौशीराम आंबीला टेम्पो चालवतो आणि नऊ वर्षं तिला मारतो. ११ तारखेला भाकरी गार लागली म्हणून त्याने टेम्पोचा पान्हा तिच्या खांद्यात घातला. हात वर होईना. हात वर झाला नाही तर पॅकिंगचं काम जातं, म्हणून अर्जदाराने तक्रार करायचं ठरवलं.

२) १२ तारखेला जेवणाच्या सुट्टीत तिने सोबतीण तेजलच्या मोबाइलवर आपलं पोर्टल उघडलं. तू कोण, असं पोर्टलने विचारलं नाही. सरळ फॉर्म दिला. तेवीस प्रश्न. कशाने मारलं, कुठं मारलं, किती वेळा, रक्त आलं का. नऊ वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, म्हणून अर्जदाराने मन लावून लिहिलं. डबा तसाच राहिला. शेवटी ‘दाखल करा’ दाबलं, तेव्हा पोर्टल म्हणालं, आधी लॉग-इन करा. फॉर्म कोरा झाला. तेवीस उत्तरांतलं एकही राहिलं नाही.

३) लॉग-इनचा ओटीपी नोंदवलेल्या नंबरावर गेला. हा नंबर दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीत झालेल्या आपल्या पोर्टलच्या नोंदणी शिबिरात अर्जदारानेच दिला होता. आमच्याकडे बाईला नंबर विचारला की ती नवऱ्याचा सांगते. रेशन, गॅस, पोरांची शाळा, सगळं त्याच्याच नंबरावर. ही चूक अर्जदाराची. पण आंबीच्या टेम्पो स्टँडवर बसलेल्या हौशीरामला, “अनिता कडलक, पतीविरुद्ध मारहाणीची तक्रार दाखल करण्यासाठी आपला ओटीपी ४७१९०६”, असा मेसेज पाठवला तो आपण.

४) संध्याकाळी त्याने दाराला कडी घातली आणि मोबाइल अर्जदाराच्या तोंडासमोर धरला. “लय शानी झालीस व्हय? वाच. येकेक आकडा वाच.” एका आकड्याला एक फटका. चार, सात, एक, नऊ. शून्याला अर्जदार थांबली. “शून्याला काय न्हाई का? त्याला बी हाय,” असं म्हणून त्याने सगळ्यात मोठा तोच दिला. सहा हा आकडा अर्जदाराने दात हातात घेऊन वाचला. आपला ओटीपी दहा मिनिटांत संपतो, असं त्याच मेसेजमध्ये लिहिलं आहे. आमच्या घरी तो त्याहून जास्त वेळ चालला.

५) १३ तारखेला हौशीरामने अर्जदाराच्या नावाने लॉग-इन केलं. नंबर त्याचाच, ओटीपी त्यालाच. ‘माझी काही तक्रार नाही’ या रकान्यात त्याने टिचकी मारली आणि पोर्टलने ती एका मिनिटात घेतली. वर, आपले समाधान झाल्याबद्दल अभिनंदन, असंही कळवलं. त्याने ते दाखवलं. “बघ, सरकारला बी म्हाईत झालं तू सुकात हायस.”

६) १४ तारखेला अर्जदार घोरावाडी स्टेशनहून गाडी धरून आपल्या कार्यालयात आली. खिडकीवरचे रुचिर साहेब स्क्रीनकडे बघून म्हणाले, “ताई, सिस्टीममध्ये तुमचं समाधान झालेलं दिसतंय.” अर्जदाराने तोंड उघडून खाच दाखवली. ते म्हणाले, “मी समजू शकतो. पण नंबर बदलायचा तर जुन्या नंबरावर ओटीपी जाणार. तो मोबाइल इथे घेऊन या.” खिडकीची काच अर्जदाराने फोडली, हे तिला मान्य आहे. रुचिर साहेबांना लागलं नाही. तसं तिने पाहूनच मारलं.

७) सांगितल्याप्रमाणे काल अर्जदार मोबाइल आणायला गेली. हौशीराम तो मांडीवर घेऊन बसला होता. मागितला, दिला नाही. “घे की, दम हाय का?” म्हणून त्याने तो जमिनीवर ठेवून वर पंजा दाबला. अर्जदाराने वरवंटा घातला. त्याची दोन बोटं मोबाइलवरच होती. ती तिला दिसत होती. या बाबतीत तो तक्रार करील. त्याला ओटीपी लागत नाही, तो सरळ चौकीत जाईल, त्यामुळे त्याची तक्रार आधी पोचेल. म्हणून ही घाई.

८) तरी नोंद क्र. ३१८ आजच्या आज रद्द करावी आणि सोबतची तक्रार कागदावर घ्यावी. पोर्टलने बाई कोण हे पहिल्या प्रश्नाच्या आधी विचारावं. तिने दिलेल्या नंबराचा मोबाइल कोणाच्या हातात असतो, हेही विचारावं. सगळं लिहून झाल्यावर विचारायचंच असेल, तर तिने लिहिलेलं आधी जपून ठेवावं. मेसेजमध्ये फक्त आकडे घालावेत. ते वाचायला लावणारा घरात आहे, हे धरून चालावं.

अर्जदार कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसली आहे. आवक क्रमांक मिळाल्याशिवाय ती उठणार नाही. हौशीराम न्यायला आला, तर त्याला आधी तू कोण ते विचारावं आणि मगच बाकापर्यंत येऊ द्यावं.

बाकावरून,
अर्जदार
अनिता (सही)
दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. हाताने लिहिलेली तक्रार, तेवीस उत्तरांसह. पाने चार.
२. आणायला सांगितलेला मोबाइल, सिमसह. चालत नाही.
३. दात, एक. मूळ प्रत. पोच द्यावी.